पिन बसली म्हणजे जमलं असं नाही

गेल्या पौषातली गोष्ट. पुण्यात थंडी चांगलीच पडली होती. हवा कोरडी झाली की माझ्या आईचा घसा कोरडा पडतो आणि रात्रभर ढास लागते. तिचं वय ८६. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिच्या खोलीत आम्ही एक छोटं यंत्र ठेवलं आहे. त्यात पाणी भरायचं, बटण दाबायचं, की धुक्यासारखी गार वाफ खोलीत पसरते. दुकानदार त्याला ह्युमिडिफायर म्हणतो. आमच्या घरात त्याचं नाव ‘व्हेपोरायझर’. यात पाणी उकळत नाही. तळाशी रुपयाएवढी एक चकती असते, ती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते.

तर एका रात्री अकराच्या सुमाराला हे यंत्र बंद पडलं. यंत्र ठीक होतं, त्याचा अडॅप्टर गेला होता. आपल्या सगळ्यांच्या घरात एक खण असतो. जुने मोबाइल, रेडिओ, फोन, खेळणी केव्हाच गेलेली असतात, पण त्यांचे अडॅप्टर त्या खणात एकमेकांच्या वायरींत गुंतून पडलेले असतात. माझ्या पुतण्यानं तो खण उपसला, चार-पाच अडॅप्टरच्या पिना लावून पाहिल्या आणि आनंदानं म्हणाला, “काका, ही पिन अगदी फिट बसतेय. करू चालू?”

मी म्हटलं, “थांब रे! आधी त्यावर लिहिलंय काय ते बघू.”

मी का थांबवलं, त्यामागे एक जुनी जखम आहे. ती पुढे सांगतोच. पण त्या रात्री भिंग घेऊन मी जळालेल्या अडॅप्टरचं लेबल वाचत बसलो आणि वाटलं, की तीळभर अक्षरांच्या या चार ओळींमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास दाटीवाटीनं बसला आहे. यातली प्रत्येक खूण म्हणजे कुठल्या तरी जुन्या भांडणाचा निकाल आहे. एक भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, आणि आपली यंत्रं जळतात ती बहुधा त्याच्यामुळेच. आज आपण हे लेबल ओळीओळीनं वाचू या.

पहिली ओळ इनपुटची. १०० ते २४० व्होल्ट, पुढे एक नागमोडी रेघ, मग ५०/६० हर्ट्झ. त्याखाली आउटपुट : २४ व्होल्ट, पुढे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा, मग १ अँपिअर. नागमोडी रेघ म्हणजे एसी, दिशा उलटसुलट बदलणारा प्रवाह. सरळ रेघ म्हणजे डीसी, एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह. भिंतीतून येते ती एसी आणि यंत्राला लागते ती डीसी. मग भिंतीतूनच डीसी का येत नाही?

सुरुवात तशीच झाली होती. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर थॉमस एडिसननं आपलं वीजकेंद्र सुरू केलं, ते डीसीचं. दाब सुमारे ११० व्होल्ट. दिवे लागले, लोक थक्क झाले. पण अडचण अशी, की ही वीज लांब नेता येईना. मैलभर गेली की तारांमध्येच तिची उष्णता होऊन ती वाया जाई. म्हणजे मैल-दीड मैलाला एक वीजकेंद्र उभारायला हवं.

उपाय एकच होता. विजेचा दाब खूप वाढवायचा, म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि तारेतली तूट कमी होते; मग घराजवळ आल्यावर दाब पुन्हा उतरवायचा. हे चढवणं-उतरवणं ज्या साधनानं होतं ते म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आपलं रोहित्र. त्याचं बीज मायकेल फॅरेडेच्या प्रयोगात आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यानं लोखंडाच्या एका कड्यावर तारांची दोन वेटोळी गुंडाळली. एकातला प्रवाह चालू किंवा बंद केला, की दुसऱ्याला जोडलेली चुंबकसूची हलायची. वेटोळी एकमेकांना जोडलेली नव्हती, तरी एकाची हालचाल दुसऱ्याला कळत होती. मात्र प्रवाह बदलत असतानाच. एकसारख्या वाहणाऱ्या डीसीला रोहित्र दाद देत नाही. त्याला सतत बदलणारी एसीच लागते.

यानंतर व्यवहारात चालणारं रोहित्र तयार व्हायला पन्नासहून अधिक वर्षं गेली. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाती आणि डेरी या तिघांनी ते बनवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीनं ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावात दुकानांचे दिवे एसीवर लावून दाखवले. त्याच्या पाठीशी जॉर्ज वेस्टिंगहाउस होता, आणि १८८८ मध्ये निकोला टेस्लाच्या एसी मोटरचे पेटंटही वेस्टिंगहाउसनं घेतले. मग जे युद्ध पेटलं त्याला इतिहासात ‘प्रवाहांचं युद्ध’ म्हणतात. एसी किती घातक आहे हे दाखवण्यासाठी डीसीवाल्यांच्या बाजूनं जाहीर प्रयोगात कुत्री मारली गेली. १८९० मध्ये विजेच्या खुर्चीवर पहिल्या माणसाला मृत्युदंड दिला गेला, तोही एसीनंच. इतकं करूनही एसी हरली नाही. १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन एसीच्या दिव्यांनी उजळलं आणि १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली.

आपल्याकडेही हे लोण फार उशिरा आलं नाही. दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला जलविद्युत केंद्र सुरू झालं ते १८९७ मध्ये. कोलकात्यात १८९९ मध्ये वीज आली, मुंबईत १९०५ मध्ये. आणि १९१५ पासून लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी वीज तयार केली. ती सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबानं मुंबईच्या गिरण्यांपर्यंत नेली. बोरघाटाचं पाणी परळच्या मागावर पोचलं ते रोहित्राच्या जिवावर. डीसीनं हे कधी साधलं नसतं.

एडिसनची डीसी मात्र एकदम मेली नाही. न्यूयॉर्कमधल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टसाठी ती चालूच राहिली. तिथली शेवटची जोडणी तोडली गेली ती १४ नोव्हेंबर २००७ रोजी. सव्वाशे वर्षं!

आता १०० ते २४० आणि ५०/६० हे आकडे. एसी जिंकली, पण किती व्होल्टची आणि सेकंदाला किती फेऱ्यांची, यावर जगाचं एकमत झालं नाही. अमेरिकेत एडिसनच्या दिव्यांमुळे ११०च्या आसपासचा दाब रुजला होता, तो तसाच राहिला, आणि वेस्टिंगहाउसच्या अभियंत्यांनी ६० फेऱ्या पसंत केल्या. जर्मनीत एईजी कंपनीनं ५० धरल्या. बर्लिनच्या वीजकंपनीनं १८९९ मध्ये दाब २२० व्होल्ट करायचं ठरवलं. त्याच तारांतून दुप्पट काम होतं, हा त्यातला हिशेब होता. युरोप त्या वाटेनं गेला. आपण इंग्रजांच्या मागून आलो, म्हणून आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० फेऱ्या. आपल्या पिनांची कथाही तशीच. गोल पिनांचा नमुना इंग्रजांनी दिला. १९४७ मध्ये त्यांनी स्वतःकडे चपट्या पिना आणल्या, आपण मात्र गोल पिनांवरच राहिलो.

सगळ्यात गमतीदार आणि तितकाच महाग पडलेला घोळ जपानचा. १८९० च्या दशकात टोकियोनं जनित्रं जर्मनीतून आणली, ती ५० फेऱ्यांची. ओसाकानं अमेरिकेतून आणली, ती ६० फेऱ्यांची. देश एक, वीज दोन प्रकारची. हा भेद आजवर मिटलेला नाही. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीनं पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती पूर्वेला पुरेशी देता येईना, कारण फेऱ्या बदलून देणारी यंत्रणा तोकडी होती. सव्वाशे वर्षांपूर्वी केलेल्या खरेदीची किंमत नातवंडा-पतवंडांनी अंधारात बसून मोजली.

आता पुन्हा घरात येऊ. एसी जिंकली खरी, पण लवकरच घरात असं एक यंत्र आलं ज्याला डीसीच हवी होती. ते यंत्र म्हणजे रेडिओ. १९२० च्या दशकातले व्हॉल्व्हचे रेडिओ बॅटऱ्यांवर चालत. एकाच रेडिओला दोन-तीन वेगवेगळ्या बॅटऱ्या लागत. एक व्हॉल्व्हची तार तापवायला, दुसरी मोठ्या दाबाची. त्यातली एक बॅटरी आम्लाची असे. ती चार्जिंगला न्यावी लागे आणि आम्ल सांडलं तर दिवाणखान्यातल्या गालिच्याला भोक पडे. भिंतीत वीज असताना हा त्रास कशाला, असं लोकांना वाटणं साहजिक होतं. त्यातून ‘बॅटरी एलिमिनेटर’ जन्माला आला. भिंतीतली एसी घ्यायची, रोहित्रानं दाब जुळवायचा, मग ती एकाच दिशेची करून रेडिओला द्यायची. आजच्या अडॅप्टरचा हा आजोबा.

टोरंटोच्या एडवर्ड रॉजर्सनं १९२५ मध्ये बॅटरीशिवाय थेट घरातल्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला. त्यानं १९२७ मध्ये काढलेल्या नभोवाणी केंद्राचं नाव सीएफआरबी. त्यातलं शेवटचं आरबी म्हणजे ‘रॉजर्स बॅटरीलेस’. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, हे आपल्या श्रोत्यांना आठवत असेल.

दुसरी गोष्ट शिकागोची. १९२८ मध्ये पॉल गॅल्व्हिन आणि त्याचा भाऊ जोसेफ यांनी दिवाळं निघालेल्या एका बॅटरी कंपनीचा एलिमिनेटरचा आराखडा आणि अवजारं लिलावात साडेसातशे डॉलरला घेतली आणि धंदा सुरू केला. पण भिंतीच्या विजेवर चालणारे रेडिओ लवकरच सर्रास मिळू लागले आणि वेगळ्या एलिमिनेटरला गिऱ्हाईक उरेना. गॅल्व्हिन बंधू मग मोटारीत बसवायच्या रेडिओकडे वळले. त्या रेडिओला त्यांनी नाव दिलं मोटोरोला. याच मोटोरोलाच्या मार्टिन कूपरनं ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या मोबाइल फोनवरून पहिला फोन केला. म्हणजे ज्या कंपनीचा जन्म एलिमिनेटर विकण्यासाठी झाला, तिनंच सुरू केलेल्या मोबाइलच्या युगानं पुढे आपले खण चार्जरनी भरून टाकले.

आता माझी जुनी जखम सांगतो. १९७९ साल. आमच्या घरी चार सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता. सेल महाग, म्हणून वडील फक्त संध्याकाळच्या बातम्यांपुरता तो लावत. मी नुकता कमावू लागलो होतो. पहिल्या पगारातून मी एक एलिमिनेटर आणला. काळा, जड डबा, त्यावर ३, ४.५, ६, ७.५, ९, १२ व्होल्ट असा फिरता खटका, आणि वायरीच्या टोकाला चार तोंडांची पिन. काटा ६ वर ठेवला, बसणारं तोंड शोधलं, ते बसलं. बातम्यांची वेळ झाली, वडील खुर्चीत येऊन बसले आणि मी मोठ्या रुबाबात बटण दाबलं. आवाज आलाच नाही. करपल्याचा वास मात्र आला.

दाब बरोबर होता, पिन बरोबर होती, पण धन आणि ऋण टोकं उलटी लागली होती. वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “पिन बसली म्हणजे जमलं असं नसतं.” रेडिओ दुरुस्त व्हायला दोन महिने लागले. तेवढे दिवस ते बातम्या ऐकायला शेजाऱ्यांच्या ओटीवर जाऊन बसत. मला ते अजून टोचतं.

ही जी धन-ऋणाची भानगड आहे, तीच लेबलावरची तिसरी खूण. मधोमध एक ठिपका, त्याभोवती अर्धगोल, आणि दोन्हींना जोडलेली अधिक-उणे अशी चिन्हं. गोल पिनेच्या आतल्या भोकाला धन आहे की बाहेरच्या नळीला, ते या खुणेवरून कळतं. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिननं १७४७ च्या सुमारास रूढ केली. नावं द्यायला वेळ लागला नाही, पण पिनेत कुठलं टोक कुठे असावं हे आजवर जगानं एकमतानं ठरवलेलं नाही. बहुतेक यंत्रांत आत धन असतं. पण गिटारवादकांच्या पायाखालच्या इफेक्ट पेडलना आत ऋण लागतं. पिन मात्र दोन्हींची तीच. बाहेरून साडेपाच मिलिमीटर. आतलं भोक कधी २.१, कधी २.५. जपाननं एक शहाणपणाचा नियम केला होता, की प्रत्येक दाबाच्या टप्प्याला वेगळ्या मापाची पिन, म्हणजे चुकीची पिन बसूच नये. पण जगानं तो सरसकट उचलला नाही. म्हणूनच २४ व्होल्टच्या यंत्रात १२ व्होल्टची पिन सुखानं बसते, आणि १२ व्होल्टच्या यंत्रात १९ व्होल्टचीही बसते. अमुक यंत्राला अमुकच अडॅप्टर, हे अजून भांडणात अडकलेलं आहे, ते या जागी.

पुतण्यानं शोधलेला अडॅप्टर लॅपटॉपचा निघाला, १९ व्होल्टचा. त्यानं आमचं यंत्र कदाचित जळलं नसतं, पण धड चाललंही नसतं. त्याऐवजी प्रिंटरचा ३२ व्होल्टचा हाती आला असता तर मात्र चकतीचं सर्किट गेलं असतं. त्या रात्री आम्ही आईच्या खोलीत दोरीवर ओला पंचा वाळत घातला. जुना उपाय, पण थोडा उतार पडला.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका दुरुस्तीवाल्यानं मल्टिमीटर लावला, आउटपुट शून्य. त्यानं आधी पिनेजवळची वायर वाकवून पाहिली. अडॅप्टर पुष्कळदा तिथेच तुटतो आणि तेवढी दुरुस्ती सोपी असते. वायर कापायची आणि तीच टोकं त्याच टोकांना जोडून नवी पिन सोल्डर करायची. पण आमची वायर धड होती. मग त्यानं डबी उघडली. आतल्या एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं होतं.

मी डोकावलो आणि मला आमचा १९७९ चा एलिमिनेटर आठवला. त्यात लोखंडाच्या पत्र्यांचं जड रोहित्र, चार डायोड आणि एक मोठा कपॅसिटर, एवढंच होतं. शाळकरी पोरगंही त्याची दुरुस्ती करू शके. मात्र त्यात एक खोड होती. ९ व्होल्ट लिहिलेला एलिमिनेटर काहीच न जोडता मोजला तर १२-१३ व्होल्ट दाखवायचा. आता समोर होती ती इवलीशी हिरवी पाटी. तेवढ्याच शक्तीचा जुना एलिमिनेटर अर्धा किलोच्या वर भरला असता, हा मुठीत मावतो. असं कसं झालं?

यामागची युक्ती अशी. रोहित्राचं लोखंड किती लागतं ते फेऱ्यांवर ठरतं. ५० फेऱ्यांना जास्त लोखंड, हजारो फेऱ्यांना अगदी थोडं. म्हणून नवा अडॅप्टर भिंतीतल्या एसीची आधी डीसी करतो, मग ट्रान्झिस्टरच्या खटक्यानं ती सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, चिमुकल्या रोहित्रातून दाब उतरवतो आणि पुन्हा डीसी करतो. ही पद्धत आधी अवकाशयानांत आणि महागड्या यंत्रांत होती. १९७७ मध्ये रॉड होल्टनं ॲपल-टू संगणकाला असाच हलका वीजपुरवठा बसवला, आणि ती टेबलावर आली. १९९४ मध्ये पॉवर इंटिग्रेशन्स या अमेरिकी कंपनीनं हा खटका आणि त्याचं नियंत्रण एकाच चिपमध्ये बसवलं. त्या चिपमागे बालू बालकृष्णन हे मूळ भारतीय अभियंता होते. अशा चिपांनी छोटे अडॅप्टर स्वस्त झाले. दाब कमी-जास्त झाला तरी चिप खटक्याचा वेळ जुळवून घेते. म्हणून १०० ते २४०, ५०/६०. एडिसन, वेस्टिंगहाउस, बर्लिन, टोकियो, ओसाका, सगळ्यांची भांडणं या मुठीएवढ्या डबीनं एका ओळीत मिटवली.

लेबलावर पुढे रोमन आकड्यात सहा लिहिलेलं होतं. तो काटकसरीचा आकडा. काहीही न जोडता सॉकेटमध्ये लावून ठेवलेले जुने एलिमिनेटर गरम व्हायचे. ती वीज फुकट जाई. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या ॲलन मायर यांनी या गळतीकडे लक्ष वेधलं. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी खरेदीत, नुसतं लावून ठेवलेलं यंत्र शक्यतो एक वॉटपेक्षा कमी वीज खाणारं असावं, असा आदेश काढला. फेब्रुवारी २०१६ पासून तिथे सहावी पायरी सक्तीची झाली. आमच्यासारख्या छोट्या अडॅप्टरनं रिकामा असताना एक दशांश वॉटच्या वर खाता कामा नये. आपल्याकडे संगणकाच्या आणि ध्वनिचित्र उपकरणांच्या अडॅप्टरना भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी २०१४ मध्ये निघालेल्या आदेशानं लागू झाली. अशा अडॅप्टरवर ‘आर’ या इंग्रजी अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो.

आणि शेवटची खूण, चौकटीत चौकट. म्हणजे दुहेरी आवरण. भिंतीची वीज आणि यंत्राची वीज यांच्यामध्ये दोन कुंपणं आहेत, एक फुटलं तरी दुसरं राखेल. हे कुंपण पाटीवर काही मिलिमीटरच्या मोकळ्या जागेचं आणि रोहित्रातल्या पातळ वेष्टनाचं असतं. नकली माल स्वस्त होतो तो नेमका इथे. ही जागा वाचवतात, वेष्टन वाचवतात. डबी बाहेरून तीच दिसते.

दुरुस्तीवाला म्हणाला, “साहेब, कपॅसिटर बदलून देतो, शंभराच्या आत काम होईल. पण हे लावायचं कुठं?”

मी म्हटलं, “आईच्या उशाशी. रात्रभर. शेजारी पाणी असतं.”

त्यानं डबी मिटली. “मग नवाच घ्या. आत एकदा तापलेली पाटी आहे. दिवसा माझ्या टेबलावर ती चालेल, पण म्हातारीच्या उशाशी मी लावणार नाही.” आणि जाता जाता त्यानं बजावलं, की हा घरी उघडू नका. २३० व्होल्टच्या एसीची आत डीसी होते तेव्हा ती सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जाते, आणि सॉकेटमधून काढल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये दबा धरून बसते. हातातलं गिऱ्हाईक सोडून खरं सांगणारा माणूस भेटला, याचं मला बरं वाटलं.

नवा घेताना आम्ही लेबल वाचलं ते या क्रमानं. पहिल्यांदा रेघ. यंत्राला डीसी हवी, तर अडॅप्टरच्या आउटपुटपुढे सरळ रेघच हवी. काही अडॅप्टर नुसतीच एसी उतरवून देतात. मग व्होल्ट. ते यंत्रावर लिहिलेत तेवढेच, कमीही नकोत, जास्तही नकोत. मग अँपिअर. ते यंत्राला लागतात तेवढे किंवा त्याहून जास्त. इथे जास्तीची भीती नाही, कारण यंत्र लागेल तेवढंच ओढतं. आमचा जुना १ अँपिअरचा होता, आम्ही दीडचा घेतला. मग धन-ऋणाची खूण. आणि सगळ्यात शेवटी पिन. आपण सगळे नेमकं उलट करतो. पिनेपासून सुरुवात करतो आणि पिनेपाशीच थांबतो.

हे राहिलेलं भांडण आता मिटण्याच्या वाटेवर आहे. युरोपनं मोबाइल कंपन्यांना २००९ मध्ये एकाच चार्जरसाठी राजी करून पाहिलं, ते अर्धवट राहिलं. शेवटी २०२२ मध्ये कायदा केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नव्यानं विकल्या जाणाऱ्या मोबाइल, टॅबलेट, हेडफोन अशा यंत्रांना यूएसबी-सीची चपटी पिन सक्तीची झाली. लॅपटॉपसाठी तारीख ठरली २८ एप्रिल २०२६. या पिनेची खुबी आकारात नाही. ती उलटी घातली तरी बिघडत नाही. आणि या पद्धतीचा अडॅप्टर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. यंत्र त्याला विचारतं, तुझ्याकडे काय काय आहे? तो सांगतो, ते मागतं, मगच दाब चढतो. शंभर वर्षांत पहिल्यांदा अडॅप्टर आणि यंत्र एकमेकांशी बोलू लागले आहेत.

पण वाफेची यंत्रं, दिवे, खेळणी, राउटर यांच्या गोल पिना एका रात्रीत जाणार नाहीत. त्या आपल्या खणात अजून पुष्कळ वर्षं राहतील, मुक्याच. त्यांच्या वतीनं बोलणारं असतं ते फक्त लेबल.

त्या संध्याकाळी नवा अडॅप्टर लावला, वाफ सुरू झाली. मी खणातल्या प्रत्येक अडॅप्टरला चिठ्ठी बांधून त्याच्या यंत्राचं नाव लिहिलं. ज्यांची यंत्रं उरलेली नव्हती ते ई-कचऱ्यात दिले. पुतण्या चिठ्ठ्या लिहायला बसला होता. आईनं अंथरुणातून विचारलं, “जमलं का रे?”

तो म्हणाला, “जमलं, आजी. वाचून लावलंय.”

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)